जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस

५ मे १९९७, पुणे

नाही म्हणायचं होतं, तोंडातून हो निघालं! जयंतीच्या आईने – सिंधूमावशींनी – डिंकाच्या लाडवांचा डबा दिलाच. अडीच किलो. वरून जुन्या पातळाचं कापड शिवलेलं. शहात्तराव्या वर्षी, संधिवाताच्या बोटांनी वळलेत. "जयंतीच्या हातात दे. आल्यावर शब्द न् शब्द सांग मला. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुला सांगते."

नवऱ्याने, जयप्रकाशने, डबा हलवून पाहिला. "दगड भरलेत का गं?"

दादाकडे अमेरिकेला जाताना वाटेत टोकियोत सव्वीस तास मिळताहेत, तर नवऱ्याने तक्ता टाइप केलाय. मिनिटांसकट! त्यात टोकियोजवळच्या उरायासुला, जयंतीच्या नावापुढे – 'मुक्काम. हॉटेल वाचते.' वाचून शिसारी आली. पण खोडून टाक असं मी म्हणाले का? नाही.

डब्यासाठी माझी दोन पुस्तकं बॅगेबाहेर.

७ मे, उरायासु

पोचलो. विमानतळावरूनच जयप्रकाशची घाई – "चल, चल, तास जातोय!" हिशेबाने श्वास घेणारा माणूस.

जयंती चौथ्या मजल्यावर राहते. कॉलेजात माझ्या बाकावर बसायची. पंधरा वर्षांपूर्वी ओकादांशी लग्न करून इथे आली. घर नीटनेटकं. दारात चपलांचे दोनच जोड, तेही रेषेत. ओकादासान जानेवारीपासून ओसाकाला बदलीवर आहेत म्हणे. मुलगी नेत्रा, अकरा वर्षांची. आपण मराठीत विचारायचं, ती जपानीत उत्तर देणार.

डबा जयंतीने घेतला आणि न उसवताच फ्रिजवर ठेवून दिला. "आई पण ना!" बस. एवढंच. अडीच किलोचं एवढंच!

जेवताना म्हणाली, "राहा ना एक दिवस." भांडी घासताना पुन्हा. अंथरूण घालताना पुन्हा – "तिकीट बदलता येतं गं." जयप्रकाश हसला. "अहो, तक्ता ठरलाय!" मीही हसले.

८ मे, नारिता विमानतळ

विमानाला वेळ आहे, म्हणून लिहितेय.

सकाळी साडेसातला निघालो. नेत्रा कचऱ्याची पिशवी घेऊन आमच्याबरोबर खाली आली. आज जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस – इथे कचऱ्याचे वार वाटलेले. पिशव्या इथे आरपार दिसतात – नियम आहे. आणि पिशवीच्या अंगाला चिकटून लाडू! सगळे. एकही फुटलेला नाही, एकालाही दाताची खूण नाही. डबा नाही, कापडही नाही. म्हणजे कामाचं तेवढं ठेवलं!

"आजीचे?" मी विचारलं.

"इत्सुमो," नेत्रा म्हणाली. मग माझं तोंड पाहून मराठीत, "नेहमी."

कोपऱ्यावर तिने पिशवी ठेवली, वर कावळ्यांनी उकरू नये म्हणून असते ती जाळी नीट पसरली, आणि आम्हाला वाकून नमस्कार केला.

मग टोकियो. म्हणजे तक्ता. आसाकुसाच्या देवळात धुपाच्या धुरात उभं राहून फोटो. गिन्झात चौदा मिनिटं. आकिहाबाराला वॉकमनच्या दुकानात "लास्ट प्राइस?" – तो पोरगेला विक्रेता वाकतोय, जयप्रकाश बोटं दाखवतोय. मी खांबामागे. स्टेशनबाहेर जाहिरातीची, कागदी रुमालांची पाकिटं फुकट वाटत होते. जयप्रकाशने तीन फेऱ्या मारून अकरा जमवली. "टोकियो झालं!" म्हणाला. जुलाब झाल्यासारखं.

त्यातली चार पाकिटं माझ्या पर्समध्ये आहेत. लिहून ठेवते, नाहीतर मी फार स्वच्छ वाटेन.

आणि दुसऱ्याच्या कचऱ्यात डोळे घालणारी मी कोण? पण दिसलं त्याला काय करू! आईच्या हातचं असं फेकवतं कसं?

२० मे, सॅन होजे

मावशींना सांगू? न सांगू?

१४ जून, पुणे

मावशींकडे गेले. ठरवून खोटं बोलले – आयुष्यात पहिल्यांदा ठरवून. "दोन लाडू समोरच खाल्ले तिने. डोळ्यांत पाणी आलं."

मावशी हसायलाच लागल्या. "अगं, दोन? बत्तीशी शाबूत आहे ना तिची? चार वर्षं झाली, पाक साधत नाही मला. दगड होतात. मीच फोनवर सांगते, टाकून दे बाई, कापड तेवढं ठेव."

"मग पाठवता कशाला?"

"नुसतं भेटून ये म्हटलं की लोक विमानतळावरून फोन करतात. डबा दिला की घरापर्यंत जातात." पदराने चष्मा पुसला. "फोनवर तिचं सगळं ठीकच असतं गं. जावयाचं नाव निघालं की पावसापाण्यावर येते. म्हणून विचारते – दिसते कशी? सुकलीय का?"

"छान दिसते," मी म्हणाले.

"म्हणजे पाहिलं नाहीस."

१५ जून

वही काढून वाचली. चपलांचे दोनच जोड, जावयाचा एकही नाही. 'राहा ना' – तीनदा. सगळं माझ्याच अक्षरात. लाडू किती किलो, फुटले की नाही, कावळ्यांची जाळीसुद्धा.

जयंतीचा चेहरा एका ओळीतही नाही.