शंभरातले बहात्तर

ता. ४
ती. अक्कास,
सा. न. वि. वि. फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहितो. बाबांना न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात ठेवून आज तिसरा दिवस, आणि तू आधी विचारलंस काय, तर स्कोअर किती! बाबा कसे आहेत ते नंतर. तुम्हा डॉक्टर लोकांपुढे मी हात टेकले.
घे तुझा स्कोअर. इथल्या डॉक्टरबाईंनी ताप, रक्तदाब, शुद्ध, सगळ्याला गुण दिले. जितके जास्त तितकं वाईट. बेरीज करून म्हणाल्या, असे शंभर पेशंट असतील तर बहात्तर जातात. श्वास आणखी बिघडला तर व्हेंटिलेटर लावायचा की नाही, ते आपण दोघांनी लिहून द्यायचंय. फॉर्म आणि गुणांचा तक्ता सोबत. माझं डोकं चालत नाही, तू ठरव.
लोभ आहेच, या आठवड्यात जरा जास्त असू दे.
तुझा ठोंब्या

ता. ६
चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. तो आकडा बाबांचा नाही, शंभर अनोळखी माणसांचा आहे, हे तुला दहादा सांगून झालं. तरी बहात्तर वाचून माझ्यातली लेक गप्प बसली आणि डॉक्टरीण बोलली. त्या मशीनवर महिना महिना पडून राहिलेली माणसं मी रोज बघते. व्हेंटिलेटर नको, असं लिहून सही केली आहे.
पण तक्ता पुन्हा पाहिला. सगळ्यात जास्त गुण शुद्धीचे: हाकेला डोळे उघडत नाहीत, सांगितलेलं करत नाहीत. गुंगीचं औषध तर दिलेलं नाही. अरे शहाण्या, बाबांच्या कानात यंत्र होतं का? त्याशिवाय ते घरी तरी कुणाला ओ देतात? आधी ते बघ, मगच फॉर्म दे.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का

ता. ८
ती. अक्कास,
सा. न. वि. वि. यंत्र माझ्या कपाटात होतं. दाखल करताना सिस्टरनी किमती वस्तू घरी न्यायला बजावलं, म्हणून घड्याळ, अंगठी आणि यंत्र रुमालात बांधून कुलूप लावलं. मागे ते हरवलं तेव्हा बोलणी मीच खाल्ली होती ना! इतके दिवस सगळ्यांनी उगाच घसा फोडला आणि मला वाटलं, तापाची ग्लानी आहे. चार शिव्या घाल, दोन मी घालून घेतल्या आहेत.
यंत्र लावलं. बाबांनी डोळे उघडले, सांगितल्यावर दोन्ही हात उचलले आणि मी दाढी का केली नाही ते विचारलं. डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारून तक्ता नव्याने मांडला: शंभरातले शेहेचाळीस. श्वास मात्र अजून जडच आहे.
आणखी एक घोटाळा केला. तुझ्या सहीचा फॉर्म त्यांच्या उशाशी विसरून चहाला गेलो, तेवढ्यात त्यांनी तो वाचला. खालचा मजकूर त्यांचा आहे.
ठोंब्या

चि. अक्कास,
अ. उ. आ. दम लागतो, म्हणून थोडक्यात सांगतो, धाकटा लिहितोय. तुम्ही दोघांनी माझा फार विचार केलात. फक्त मला विचारायचं राहिलं.
व्हेंटिलेटर लागला तर लावायचा. शेहेचाळीस असोत नाही तर बहात्तर, उरलेल्यांत बसायची माझी तयारी आहे. नव्या फॉर्मवर मी स्वतः सही केली आहे. तुझ्यावर राग नाही. हे तीनदा वाच आणि मग काय रडायचं ते रड.
आता रजा काढ आणि ये. मशीन लागलं की बोलता येत नाही म्हणतात, आणि मला तुझ्याशी पुष्कळ बोलायचं आहे.
तुझे बाबा