रिपॉझिटरीचा मुहूर्त

१ जुलै २०२५, मंगळवार
स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी विचारलं, कॉलेजची डिजिटल रिपॉझिटरी, म्हणजे जुने कागद जपायचं संगणकावरचं भांडार, कोण उभी करणार? सगळे आपापल्या चहात बघत होते. मी हात वर केला. ग्रंथपाल म्हणून सत्तावीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारले, आता मागे काहीतरी राहील असं करायचं. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट. फुकटची वस्तू अवघड कशी असेल?
संकल्प: पंधरा दिवसांत रिपॉझिटरी उभी. कुणाची मदत घ्यायची नाही. विशेषतः अनुजाची. ती माझी सहायक, वय एकोणतीस, आणि तिचं प्रत्येक वाक्य ‘सर, पण’नं सुरू होतं.

४ जुलै, शुक्रवार
इन्स्टॉल कसं करायचं त्या माहितीचं प्रिंट काढलं. एकशे चाळीस पानं. स्पायरल करून घेतलं, वर माझं नाव घातलं: जो. बा. चौगुले. निम्मं काम झाल्यासारखं वाटतंय.

९ जुलै, बुधवार
आधी जावा नावाचं दुसरं सॉफ्टवेअर लागतं. टाकलं. आवृत्ती चुकली. काढायचं राहून गेलं आणि दुसरं टाकलं. आता दोन जावा आहेत आणि दोन्ही काम करत नाहीत. आमच्या ऑफिसातही हेडक्लार्क दोन झाले तेव्हा असंच झालं होतं.

११ जुलै, शुक्रवार, दुपारी ४
हे सॉफ्टवेअर तयार मिळत नाही. पीठ मिळतं, भाकरी आपण थापायची. त्याला बिल्ड म्हणतात. एक कमांड मारली आणि अडीच तास स्क्रीनवर ओळी पळत होत्या. मी खुर्चीत ताठ बसून होतो. शेवटी लाल अक्षरांत ‘बिल्ड फेल्युअर’.
शिपाई बाळासो मागं उभा होता. म्हणाला, सर, तांबडं आलं की. मी त्याला समजावलं, सातशे ओळींत तीनच तांबड्या आहेत. म्हणजे नव्याण्णव टक्के पास. तो म्हणाला, व्हय, पर गाडी चालू झाली न्हाय न्हवं? अडाणी माणसाशी काय बोलणार.

१६ जुलै, बुधवार
पंधरा दिवस झाले. संकल्पात ‘कामाचे’ पंधरा दिवस असं लिहायला हवं होतं.

२१ जुलै, सोमवार
आज काम अंगावर आलं, चांगल्या अर्थानं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची आफशीन आजोबांना घेऊन लायब्ररीत आली. हुपरीचे गैबीचाचा. चांदीचे कारागीर, पंचेचाळीस वर्षं पैंजण केले. पिशवीतून चौदा वह्या काढल्या. प्रत्येक पानावर पेन्सिलीनं काढलेला एक नमुना: वेल, कडी, घुंगराची जागा, खाली कुणासाठी केला त्याचं नाव. तीनशे बारा नमुने. दुसरीकडं कुठंच नाहीत.
चाचांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरलाय. वह्यांना वाळवी लागलीय. आफशीनला हाच धंदा करायचाय, मशीनवर छापलेला नाही, हातचा. चाचा म्हणाले, मास्तर, डोळं जायच्या आत ह्ये कुठंतरी ऱ्हायलं पायजे, पोरीला उपेगी पडंल.
मी म्हटलं, चाचा, हे आता अमर झालं असं समजा. बोलल्यावर अंगावर काटा आला.
अनुजा म्हणाली, सर, पण रिपॉझिटरी कुठाय?

२८ जुलै, सोमवार
हिरवं! ‘बिल्ड सक्सेस’. बाळासोला पेढे आणायला पाठवलं.
(अनुजानं दुपारी मला जेवायला पाठवून मशीनवर काहीतरी केलं होतं, पण ते किरकोळ.)

४ ऑगस्ट, सोमवार
पुस्तिकेत जसं छापलंय तसंच्या तसं टाइप करत गेलो. शिस्त म्हणजे शिस्त. आता लॉगिन केलं की मशीन म्हणतं, ‘वेलकम, युवर नेम’. अनुजा म्हणाली, तिथं स्वतःचं नाव घालायचं असतं. मी म्हटलं, संस्थेच्या कामात स्वतःचं नाव कशाला?

२२ ऑगस्ट, शुक्रवार
तीनशे बारा नमुने स्कॅन झाले, चढवले. बाळासो पानं उलटत होता, फुंकर मारून वाळवी उडवत होता. मी प्रत्येकाची नोंद केली. त्र्याण्णव नंबरचा पैंजण ‘आक्का मळगे, लग्न’. दोनशे चारखाली नुसतं ‘ताजबी’. ही चाचांची बायको. त्या पानावर जरा जास्त वेळ थांबलो.
घरी कळंब्याला फोनवर उघडून बघितलं. दिसले! म्हणजे नमुने आता इंटरनेटवर आहेत, कॉलेजच्या मशीनशी त्यांचा संबंध संपला.
अनुजा रोज म्हणते, सर, बॅकअप घ्या. बॅकअप म्हणजे स्वतःच्या कामावर अविश्वास. मी तिला तसं सांगितलं. तिनं पेनड्राइव्हचा मागणी अर्ज पुढं केला. सहीला ठेवलाय.

२५ ऑगस्ट, सोमवार
एस.टी.नं हुपरीला जाऊन वह्या परत दिल्या. ताजबींनी चहा केला, बशीत खारी ठेवली. वाळवी कपाटालाही लागली होती. मी जाणकार माणूस म्हणून सल्ला दिला, ह्या वह्या आता घरात ठेवू नका, सगळं लाकूड खाईल. नमुने माझ्याकडं सुरक्षित आहेत.
चाचा वह्यांवरून हात फिरवत बसले. ताजबी म्हणाल्या, मास्तर एवढं शिकल्यालं मानूस, खोटं सांगतील व्हय?

९ सप्टेंबर, मंगळवार
आफशीन सांगत होती, आजीनं वह्या बंबात घातल्या. दोन दिवस सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी त्यावर तापलं. चाचा ते दोन्ही दिवस आंघोळीला उठलेच नाहीत.
मी तिला म्हटलं, भावना बाजूला ठेव, कागद हे फक्त माध्यम आहे. हे वाक्य उद्घाटनाच्या भाषणात घ्यायचं.

१५ सप्टेंबर, सोमवार
कॉलेजचा भगवा-निळा रंग आणि मराठी नाव घालायचं म्हणून पुन्हा बिल्ड लावलं. फेल. डिस्क भरली म्हणे. शोधलं तर सगळ्यात जास्त जागा ‘स्कॅन’ नावाच्या फोल्डरनं खाल्ली होती. चढवून झाल्यावर त्याचं काय काम? उडवला. कचरापेटीही रिकामी केली. बिल्ड हिरवं.
आज एकट्यानं निर्णय घेतला, एकट्यानं निस्तरला. अनुजा रजेवर होती, ते बरं झालं.

२४ सप्टेंबर, बुधवार
प्राचार्य विजयसिंह सरांनी दसऱ्याचा मुहूर्त ठरवला. पाहुणे, शाल, श्रीफळ. चाचा-ताजबी पहिल्या रांगेत.
एकच खटकतं. रिपॉझिटरीच्या इंटरनेटवरच्या पत्त्यात अजून ‘टेस्ट’ लिहिलेलं आहे आणि मालक ‘युवर नेम’. वापरलेल्या वस्तूचं दसऱ्याला उद्घाटन कुणी करतं का? गाडी घेतली तरी किलोमीटरचा काटा शून्यावर लागतो. सगळं कोरं हवं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी, सकाळी ११
बाळासोनं मशीनला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, पुढं नारळ ठेवला. मी खुर्ची ओढली तर आडवा आला. म्हणाला, सर, आज हत्यार पूजायचं असतंय, चालवायचं न्हाय. आमच्या कोडोलीत आज कुदळसुदीक हलवत न्हाईत. मी म्हटलं, बाळासो, हे विज्ञान आहे. माळ जरा बाजूला सरकवली आणि बसलो.

दुपारी ३
रिपॉझिटरीचा जुना फोल्डर पूर्ण उडवला. जुना डेटाबेसही. मशीननं दोनदा विचारलं, नक्की का? दोन्ही वेळा ‘यस’. नवीन बिल्ड पहिल्या फटक्यात हिरवं! नवं नाव, नवा रंग, मालक जो. बा. चौगुले. तीन महिन्यांत आज पहिल्यांदा सगळं माझ्या हातानं झालं.
यादीत शून्य नोंदी दिसतात. इंटरनेटवरून नमुने यायला थोडा वेळ लागत असेल. फोनवर बघितलं. दिसतायत की! ताजबीचा पैंजणही. उगाच घाबरलो.

रात्री
फोनवरचं पान एकदा रिफ्रेश केलं.
आता तिथंही शून्य.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा
सकाळी सहाला अनुजाला फोन केला. ती साडेसातला सणाची साडी नेसून आली. कुठला फोल्डर उडवला, विचारलं. सांगितलं. तिनं खुर्चीची पाठ धरली. म्हणाली, सर, चढवलेल्या फायली ह्याच मशीनवर, त्याच फोल्डरमध्ये असतात. फोनला फक्त आधी बघितलेलं आठवत होतं. स्कॅन कुठायत? तेही सांगितलं. ‘सर, पण’ म्हणाली नाही. दहापर्यंत काय काय करून बघितलं. काही निघालं नाही.
अकराला उद्घाटन झालं. पडद्यावर भगवा-निळा रंग, कॉलेजचं नाव, खाली ‘एकूण नोंदी: शून्य’. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. नवीन म्हणजे शून्यच असणार, असं त्यांना वाटलं. मला शाल दिली.
चाचा नवी टोपी घालून पहिल्या रांगेत होते. मान पुढं काढून पडद्याकडं बघत होते. आफशीनला विचारलं, दिसत्यात का गं? तिनं पडदा बघितला, मग मला बघितलं. तिला कळलं. म्हणाली, व्हय आजा, दिसत्यात. ताजबीनं विचारलं, माझंबी? व्हय आजी, तुझंबी.
कागद हे फक्त माध्यम आहे, हे वाक्य भाषणात घेतलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार
हुपरीला जाऊन सांगायला हवं. पण आधी एखादी डेटा परत काढणारी कंपनी बघावी. घाईनं सांगून म्हाताऱ्या माणसाला त्रास कशाला?

७ ऑक्टोबर, मंगळवार
मशीन घेऊन डेटा परत काढणाऱ्या एका दुकानात गेलो. त्यांनी दोन दिवसांनी फोन करतो म्हटलं. जावं म्हणतोय हुपरीला, पण त्यांचा फोन येईपर्यंत गाव सोडणं बरं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
फोन आला. नवीन बिल्ड जुन्याच जागेवर लिहिलं गेलंय. काही उरलं नाही.
घर कळंब्याला म्हटलं की लोक तिथल्या जेलवरून हसतात. आता वाटतं, मला न्यायचं झालं तर फार लांब न्यावं लागणार नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
हुपरीला गेलो. एस.टी.त तीन वाक्यं पाठ केली: तांत्रिक बिघाड, जागतिक पातळीवर असं होतं, आम्ही प्रयत्नशील आहोत.
चाचा दारातच बाजेवर होते. आवाजावरून ओळखलं, म्हणाले, या मास्तर. तिन्ही वाक्यं गेली. मी म्हटलं, चाचा, मी पुसले. सगळे. माझ्या हातानं.
ताजबी आत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मी बंबात घातल्या, मास्तर. तुमी सांगितलं म्हनून घातल्या. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
चाचांनी बाजेवरच मान वळवली. मग आफशीनला विचारलं, दसऱ्याला तुला दिसत न्हवतं न्हवं? ती रडायला लागली. तिच्या फोनवर नऊ पानांचे फोटो आहेत.
निघताना चाचा म्हणाले, डोळं अजून थोडं हायत. हाताला ठावं हाय. कागूद तेवढा जाड बघा, मास्तर.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
चाचा लायब्ररीत आले. खिडकीजवळचं टेबल दिलं. प्राचार्यांना मी सगळं लेखी कळवलं. शालही परत दिली. ते म्हणाले, शाल राहू द्या, कागद फाइलला लावतो.
चाचा कागदाला नाक लावून नमुने आठवून पुन्हा काढतात. दिवसात एक नमुना होतो. नऊ फोटोंवरचे आफशीन घरी काढतेय. चाचांचा अंदाज, ते धरून साठेक आठवतील. म्हणजे दोनशे बावन्न गेले. ते कुणाचे होते, त्यांची नावंही त्याच फोल्डरमध्ये होती.

४ नोव्हेंबर, मंगळवार
आज अकरावा. चाचांनी तो दोनदा खोडला, तिसऱ्यांदा जमला. घुंगराची जागा आफशीननं बोट धरून दाखवली. हा दोनशे चार नंबरचा, ताजबींचा. चाचा म्हणाले, तिचा सगळा नीट आठवला न्हाय, जरा येगळा झालाय. खाली नाव मात्र एका दमात लिहिलं.
पेनड्राइव्हच्या अर्जावर सही केली.
रिपॉझिटरी अनुजा बघते. झालेला कागद ती लगेच घेते, स्कॅन करते आणि तीन ठिकाणी ठेवते. कुठं ठेवते ते मला सांगत नाही. मी विचारलेलं नाही.
माझ्याकडं पेन्सिलींना टोक काढायचं काम आहे. चाचांना बारीक टोक लागतं. आज सहा काढली, दोन मोडली.