हद्दीची दवंडी

बाबा, आपल्या गावाची हद्द बदलली तेव्हाची दवंडी तुम्ही दिली होती, आणि ती अर्धी होती. एवढं एक वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली ते सांगून आता उपयोग नाही. पण परवा माझ्या वर्गात एक पोरगी धडा वाचताना शेवटची ओळ गाळून खाली बसली, आणि मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. शाळेत माझा राग सगळ्यांना ठाऊक आहे. पोरीला नंतर जवळ घेतलं, तरी ती दिवसभर घाबरलेलीच होती.

आणीबाणी उठल्यानंतरचा उन्हाळा होता. हमरस्त्याच्या कडेला धानाच्या बांध्या मोडून कॉलनी उठत होती. मास्तर, बँकेतले बाबू, विजेच्या हपिसातले साहेब, सगळे सिमेंटची घरं बांधत होते आणि त्यांना त्यांची ग्रामपंचायत वेगळी हवी होती. आपल्या गावाची हद्द पूर्वापार नाल्याने जायची, ती आता सडकेने जाणार होती. तुम्ही गावचे कोतवाल, म्हणून तहसीलचा कागद आला की गल्लोगल्ली सांगायचं काम तुमचं. वस्तीने दीक्षा घेतली तेव्हाच डफडं सोडलं होतं, म्हणून तुम्ही पितळेची थाळी वाजवायचा. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. मी कागद वाचायचा, तुम्ही डोळे मिटून ऐकायचं, दोनदा. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणून दाखवायचं आणि मी कागदावर बोट ठेवून तपासायचं. एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. खसरा नंबर ऐकला की तुम्ही लगेच शेताचं नाव सांगायचा. चावडीवर तुम्ही बिनदिक्कत म्हणायचा, "साहेबाचा कागद माही पोरगी वाचते, मंग मी बोलतो." मला ते ऐकून लाज वाटायची आणि आवडायचंही.

त्या सकाळी आई चुलीपुढे बसून तांदूळ निवडते आहे. बाहेर मैत्रीण सायकलची घंटी वाजवते आहे, आम्हाला लाखनीला टायपिंगच्या क्लासला जायचं आहे. कागदाची दोन पानं आहेत. पहिल्यावर लिहिलं आहे की सडकेपलीकडचा भाग वेगळा होणार, कोणाची हरकत असेल त्याने महिन्याच्या आत तहसीलला अर्ज द्यावा. दुसऱ्या पानावर नुसते नंबर, वरपासून खालपर्यंत.

"अन् मागच्या पानावर काय हाये वं?"

"नंबर हायेत. सारे कॉलनीतल्या प्लाटांचे. आपला एकबी नाही."

"वाचून तं दाखव. आयकून ठेवतो."

"मले उशीर होऊन राहिला, बाबा!"

तुम्ही हसलात. "जाय, जाय. शिकून घे," म्हणालात, आणि थाळी घेऊन बाहेर पडलात. तुमचा माझ्यावर विश्वास होता, दुसरं काय!

चार-पाच दिवसांनी पंचायतीच्या भिंतीवर तोच कागद डकवलेला दिसला आणि सहज म्हणून मी खालपर्यंत वाचला. शेवटून तिसरा नंबर आपल्या मातीच्या जागेचा होता. बोडीच्या, आपल्या लहान तळ्याच्या, पाळीखालची ती जागा, जिथे आजी आहे, जिथे वस्तीतलं प्रत्येक गेलेलं माणूस आहे. मुदत संपायला अजून तीन आठवडे होते. मी घरी येऊन सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा थाळी घेऊन निघाला असता, वस्तीने दुसऱ्याच दिवशी अंगठे लावून अर्ज दिला असता. पण मग चावडीवर सगळ्यांना कळलं असतं की कोतवालाची शिकलेली पोरगी न वाचताच वाचलं म्हणते. मी स्वतःची समजूत घातली की हद्द बदलली म्हणून मसणवटीला कोण हात लावतं? कागदावरची रेघ आहे, कागदावरच राहील. एकही हरकत गेली नाही. कॉलनीची ग्रामपंचायत वेगळी झाली.

दोन पावसाळे गेले. मग शेजारच्या घरचं चार महिन्यांचं लेकरू तापात गेलं, आणि पाळीखाली पोचलो तर तारेचं कुंपण. कॉलनीला तिथे मैदान करायचं होतं. त्यांचा सरपंच आवाजही न चढवता म्हणाला, "हे आता आमच्या हद्दीत आहे. मुदतीत हरकत का नाही घेतली?" त्या लेकराची आई कुंपणाबाहेर भर उन्हात उभी होती, पदराखाली बोचकं धरून, आणि पुरुषांची बोलणी संपेपर्यंत तिने ते खाली ठेवलं नाही. शेवटी नाल्यापलीकडच्या खडकाळ पट्टीत खड्डा केला. पहार दगडावर आपटायची तो आवाज मला अजून नीट आठवतो.

संध्याकाळी सगळी वस्ती आपल्या दारात. लेकराचा बाप तुमच्या अंगावर धावून आला. "कोतवाला, दवंडीत हा नंबर काहून नाही सांगितला? कॉलनीवाल्यानं तुले काय चारलं?" मी दाराच्या आत उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाचवायला म्हणून नव्हे. माझ्याकडून चूक होईल हे तुमच्या मनातच आलं नाही. तुम्ही बराच वेळ आठवत राहिलात, मग हात जोडलेत. "माह्याच्यानंच इसर पडला असन, भाऊ. मले माफ करा."

त्यानंतर तुम्ही स्वतःच्या डोक्यावर भरवसा ठेवणं सोडलं. साधा लशीचा कागद असला तरी पाच-पाचदा वाचून घ्यायचा, तरी वाटेतून परत यायचा. वर्षभरात कोतवालकी सोडलीत. थाळी आईने मोडीत घातली, तुम्ही नको म्हणाला नाहीत. तुम्ही गेलात ते ऐन धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, आणि वस्तीतली निम्मी माणसं चिखलाचं निमित्त सांगून आली नाहीत. खांदेकरी बदलायला माणूस नव्हतं. तेच चौघे नाल्यापर्यंत घसरत, थांबत गेले. मी घरीच होते, नंतर ऐकलं.

हे वस्तीच्या विहारात सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं, असं ठरवून लिहायला बसले होते. त्या लेकराची आई अजून आहे, पौर्णिमेला पुढेच बसते. नाही वाचणार, बाबा. आता शेवटच्या पानापर्यंत येऊन ते मला कळलं आहे. आणि एक राहिलं. तुमच्यामागे आई तीन वर्षं जगली. अंगणात मोहफुलं वाळत घालताना एकदा हात थांबवून तिने विचारलं, "तुह्या बापाले खरंच याद नवतं रायलं का वं?"

मी म्हटलं, "हो. विसरले ते."