मी स्वतः विकलेले घर आणि बाकी राहिलेल्या वस्तू

मी, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त टंकलेखिका, हे मृत्युपत्र स्वतःच टाइप करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तशी कोणाची छाती होणार नाही.

१. घर. मुलाने व मुलीने आधी पाणी प्यावे. घर आता माझे नाही. गेल्या महिन्यात मी ते विकले. मी जिवंत असताना, माझ्यादेखत, दोघांनी खोल्या वाटून घेतल्या आणि गच्ची कोणाची यावरून अबोला धरला. छत्तीस वर्षे लोकांची मृत्युपत्रे टाइप केल्यावर पुढचे मला पाठ होते.

माझे धाकटे दीर घरांचे दलाल. ते आपणहून हजर झाले. "वहिनी, गिऱ्हाइकासमोर तुम्ही तोंड उघडायचं नाही." त्याच दुपारी मी फाटकावर पुठ्ठा लावला: 'घर विकणे आहे. मालकीण स्वतः बोलेल.'

आणि बोलले. एका जोडप्याला न्हाणीघरातली ओल दाखवली. ते चपला हातात घेऊनच निघाले. एका गृहस्थांनी विचारले, "इथे कोणी वारलंय का?" म्हटले, "माझे यजमान. तुम्ही बसलात त्याच खुर्चीत." पुन्हा दिसले नाहीत.

नवव्या आल्या त्या बसचालक बाई, वडिलांना घेऊन. त्यांनाही सगळे सांगितले. बाई म्हणाल्या, "काकू, इतकी घरं पाहिली, सगळीकडे सगळं उत्तमच! खरं बोलणाऱ्या तुम्हीच पहिल्या." वडील त्या खुर्चीत बसून म्हणाले, "छान आहे. उठावंसं वाटत नाही."

मला एकदम रडू फुटले. "मी कुठं जायचं, तेच ठरवलेलं नाही," तोंडून निघून गेले.

बाईंनी मागची खोली पाहिली. "ही तुम्हालाच राहू दे, असाल तोवर. मी दिवसभर गाडीवर. बाबांशी बोलायला कुणी हवंच."

खरेदीखतात हे कलम मीच टाइप केले.

२. विक्रीची रक्कम दोन्ही मुलांना निम्मी-निम्मी. रकमेला गच्ची नसते.

३. टाइपरायटर मुलीला. 'र' अडकतो, जोरात मारावा.

४. यजमानांचे घड्याळ दिरांना. त्यांनी ते भावाची आठवण म्हणून मागितले होते, मी रागाने नाही म्हटले. चूक माझी होती. हे मी गेल्यावरच कळवावे. आधी कळले तर डोक्यावर बसतील.

५. बाईंच्या वडिलांनी काल मला लग्नाचे विचारले. "विचार करून सांगते," म्हटले आहे. होकार दिल्यास हे मृत्युपत्र रद्द समजावे. नवे मी टाइप करीन.

ठिकाण: मागची खोली
दिनांक: अकरा नोव्हेंबर
सही: (टंकलेखिका)

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे औषधवाले
२. निवृत्त परिचारिका, माझी मैत्रीण

बाईंचे वडीलही सही करायला पेन काढून बसले होते. पण ज्याचा हितसंबंध आहे असा साक्षीदार चालत नाही, म्हणून त्यांना बाहेर बसवले आहे.