पातेल्याच्या मापाच्या टोप्या

अहो,

तुम्ही उठायच्या आत केमोला निघालेय. तुम्ही विणलेल्या सगळ्या टोप्या वॉर्डात वाटायला नेतेय, तिथे कुणाला तरी होतील. मला एकही होत नाही, नाकापर्यंत येतात. येणारच. दुधाच्या पातेल्यावर चढवून माप घेता, ते काल मी पाहिलं. ते पातेलं आधी घासून ठेवा, चहात लोकर येते.

केस गेल्यापासून माझं डोकं याच घरात आहे, तुमच्या शेजारच्या उशीवर. बघवत नाही, हे कळतं मला. म्हणून काय पातेल्यासाठीच विणत बसणार?

संध्याकाळी उघड्या डोक्यानेच येईन. किल्ली मुद्दाम इथेच ठेवलीय. दार तुम्हीच उघडायचं.