दीड इंच

म्हैसूर,
९ ऑगस्ट १९७४

ती. सौ. अक्कास,
धाकट्या हणमंताचा नमस्कार. बसूनच करतो, वाकता येत नाही.

गुरुवारी हाडवैद्याने पायाच्या बांबूच्या पट्ट्या सोडल्या. हाड जुळलंय, काळजी करू नकोस. तुझी भावजय तुंगा वेळेवर गरम सारू-भात वाढते. भाऊजींचा खोकला कसा आहे?

पाय छान बसलाय, असं सगळे म्हणाले. मीही मान हलवली. घरात कुणी नाही असं बघून टेप काढला आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं दोन्ही पायांचं माप घेतलं. तीनदा घेतलं. उजवा दीड इंच आखूड आहे, अक्का.

तुला लिहिणार नव्हतो. दवाखान्यात नको, हाडवैद्याकडेच जा, असं तूच कळवलं होतंस. तुझा दोष नाही गं, मलाच चाकूची भीती वाटली.

मशीनवर बसून पाहिलं. पायडल नीट दाबलं जात नाही, चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो. शिवणकामाशिवाय मला दुसरं काय येतं? तूच सांग.

काल माझ्याच पँटचा उजवा पाय दीड इंच कमी केला, हातानेच तुरपला. तुंगाने विचारलं, "कुणाची शिवताय?"

म्हटलं, "आहे एक गिऱ्हाईक."

तुझा,
हणमंत