ऐकून झालं की पुसलं जातं

आई, तुझा आवाज परवा पुन्हा पुसला गेला. घाबरू नकोस, तो परत येईल. पण हा काय प्रकार आहे ते तुला नीट सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा आपल्या घरात आवाज धरून ठेवणारी एकच वस्तू होती, बाबांनी मस्कतहून पाठवलेला टेपरेकॉर्डर. त्याच्यावर तू क्रोशाचा रुमाल घालून ठेवायचीस आणि आम्हा पोरांना त्याला हात लावायची बंदी होती.

तुझ्या नातवाने मला एक छोटा प्लेअर आणून दिलाय, मुठीत मावेल एवढा. फोनवर काही ऐकायला बसलं की नेमका कुणाचा तरी फोन येतो, म्हणून हा वेगळा. त्यात तो मला पॉडकास्ट भरून देतो. म्हणजे रेडिओवर पूर्वी गप्पा लागायच्या ना, तसंच, फक्त आपल्या सवडीने ऐकायचं. कुणी माशांवर बोलतं, कुणी सांधेदुखीवर, कुणी नुसतंच बोलतं. मी भाजी निवडता निवडता ऐकते. आता प्लेअर लहान, जागा थोडी, म्हणून त्याने त्यात एक सोय करून ठेवली आहे. एखादा भाग शेवटपर्यंत ऐकून झाला की तो आपोआप निघून जातो. अर्धवट ऐकलेला राहतो, संपलेला जातो. मला हे पहिल्या दिवसापासून पटलं, कारण ही रीत आपल्या घरातलीच आहे.

मिल बंद पडली आणि बाबा मस्कतला गेले. पत्र लिहायचं म्हटलं की तुम्हा दोघांच्याही अंगावर काटा यायचा, म्हणून तुम्ही कॅसेट सुरू केली. एकच कॅसेट. गाववाला कुणी सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेतून ती लालबागला आपल्या चाळीत यायची, तो परत निघाला की त्याच्याबरोबर जायची. तू बोलायचीस, बाबा ऐकायचे आणि तुझ्या बोलण्यावरच आपलं उत्तर भरून धाडायचे. मग आपण ऐकायचो, अख्खा मजला ऐकायचा, आणि पुढच्या खेपेला तू बाबांच्या आवाजावर बोलायचीस. एकदा मी हटून बसले होते की बाबांचं हे राहू दे, नवीन कॅसेट घेऊ. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ऐकान झाला मां? मगे कित्याक ठेवूचा? ठेवलेला काय बोलता काय परत?"

कॅसेट भरायचा दिवस म्हणजे घरात मोठा समारंभ. खाली मसाला कुटायच्या डंकीची धडधड, म्हणून तू खिडकी लावून घेतेस. मिरच्यांचा खकाणा तरीही आत येतोच, आणि तुझ्या बोलण्यात मध्येच कुणीतरी सटासट शिंकतं. तू दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसतेस, जसं काही बाबा आतून बघणारच आहेत. आणि मग तुझा आवाज बदलतो. एरवी मालवणीत भांडणारी, हसणारी, शेजारणीला जिन्यातून हाक मारणारी तू, लाल बटण दाबलं की पुस्तकातलं बोलू लागतेस. "आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. आपली प्रकृती सांभाळावी." आम्ही तोंडात बोळा कोंबून हसायचो. शेजारच्या काकी दाराशी उभ्या असायच्या, त्यांना बाबांकडून डोकेदुखीचा बाम हवा असायचा, आणि तो निरोपही तू त्याच थाटात वाचल्यासारखा सांगायचीस.

शेवटच्या खेपेला मात्र ती कॅसेट पुसायची राहिली. ती बाबांना मिळाली आणि त्यांचं तिथलं काम सुटलं. उत्तर भरण्याऐवजी ते स्वतःच आले. पुढे वर्षभरात तूच गेलीस. त्यानंतर बाबांनी ती कॅसेट कधी वाजवली नाही, निदान आमच्यासमोर तरी नाही. ते गेल्यावर त्यांची मस्कतची बॅग रिकामी करताना ती मिळाली. तुझा एवढाच आवाज आता जगात उरलाय. तुझ्या नातवाने दादरला एका दुकानात नेऊन ती उतरवून आणली आणि, "आज्जीचा पॉडकास्ट," म्हणत माझ्या प्लेअरमध्ये बाकीच्यांच्याच रांगेत टाकून दिली.

दुपारी एकटीच होते. प्लेअर लावून कणीक मळायला बसले आणि खरं सांगते, हिरमुसले. तोच तो पुस्तकी आवाज. खुशाल आहोत, कळवावे, सांभाळावे. मी ज्या आईला इतकी वर्षं मनात बाळगलं ती यात कुठेच नव्हती. उलट भीती वाटू लागली की हा आवाज ऐकता ऐकता तो खरा आवाज, स्वयंपाकघरातला, कानातून निघून जाईल. बंद करणार होते, पण हात पिठाचे होते. शेवटी तू म्हणालीस, "बाकी सर्व ठीक. पुसून परत धाडावी." आणि बटण दाबायचं विसरलीस. मग जरा खुडबुड, आणि एकदम, "अगो, दूध वतू गेला मां! लक्ष खंय आसा तुझा?" मी जागच्या जागी उठून उभी राहिले, आई. गॅसकडे बघितलं. गॅसवर काही नव्हतं. मग तू हळूच म्हणालीस, "अगे बाय, ह्यां अजून चालूच आसा!" हसलीस, आणि खट्.

पुन्हा ऐकायचं म्हणून बटण दाबलं तर तू नाहीस. सांधेदुखीवाले डॉक्टर बोलायला लागले. पिठाच्या हातानेच ठाण्याला तुझ्या नातवाला फोन लावला. तो आधी खो खो हसला, मग म्हणाला, "अगं आई, शेवटपर्यंत ऐकलंस म्हणून गेली. ओरिजिनल माझ्या लॅपटॉपवर आहे. रडतेस काय?" जीव भांड्यात पडला. रविवारी येऊन त्याने तुला परत भरलं, ते सेटिंग बंद केलं आणि म्हणाला, "आता बिनधास्त ऐक, कुठे जात नाही ती."

मग काय विचारतेस. मी तुला दिवसभर ऐकू लागले. आधीचं खुशाल-बिशाल सोडून थेट दुधापाशी. पोळ्या लाटताना दूध, कपडे वाळत घालताना दूध. आणि काही दिवसांनी एका सकाळी तू ओरडलीस आणि मी भांडी लावतच राहिले. मान वळली नाही. खालच्या भाजीवाल्याची आरोळी जशी कानावरून जाते तशी तू गेलीस. तुला पुसलेलं बघून घाबरले होते, त्याहून जास्त मी त्या सकाळी घाबरले. इतक्या वर्षांनी मिळालेली आई मी आठवड्याभरात वापरून झिजवली होती, आणि प्लेअरमध्ये ती शाबूत होती.

तुझ्या कॅसेटला उत्तर द्यायचं राहिलंय, बाबांचंही आणि माझंही. बोलून द्यावं असं मनात आलं होतं, पण आपल्याकडे उत्तर द्यायचं म्हणजे समोरच्याच्या आवाजावर बोलायचं, आणि ते धाडस मला होईना. म्हणून कागद घेतला. हा कुठे धाडायचा नाही, माहीत आहे. लिहून झाला की कपाटात तुझ्या साड्यांखाली जाईल.

एक गोष्ट मात्र तुझ्या नातवाला सांगितलेली नाही. ते सेटिंग तो बंद करून गेला की मीच परत चालू करते. मला येतं ते, कठीण नाही. आता शेवटपर्यंत ऐकलं की तू जातेस, मग पुढच्या रविवारपर्यंत घरात तू नसतेस, आणि परत आलीस की दुधाच्या वेळी मी अजून दचकते. तो बिचारा दर खेपेला प्लेअर उलटासुलटा करून बघतो, कंपनीच्या नावाने बोटं मोडतो, म्हणतो, "हे मशीनच भंगार आहे, आई, नवीन घेऊया." मी चहा टाकायला आत जाते.